पळतीची वर्षं : कॉलेजचं मैदान आणि पहिला हंगाम

(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्याकडच्या व्याख्यानमालांचे विषय बहुधा ठरलेले असतात. शिवचरित्र, संतसाहित्य, शेतीचे प्रश्न आणि अलीकडे स्पर्धा परीक्षा. खेळ येतो तो सत्कारापुरता. मुलगी पदक घेऊन आली की शाल, नारळ आणि एक फोटो, मग खेळाचा विषय पुढच्या पदकापर्यंत मिटला. पण ही व्याख्यानमाला एका पीटीच्या सरांच्या नावाने चालते, आणि त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर खेळाविषयी तासभर सलग बोलावं, असं संयोजकांना वाटलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानून मी थेट विषयाला हात घालतो.

माझा विषय आहे पळणारा खेळाडू. त्याची कॉलेजातली वर्षं, आणि त्यानंतर व्यावसायिक मैदानावरचा त्याचा पहिला हंगाम. या दोन टप्प्यांच्या मधे एक दरी असते. काही देशांनी तिच्यावर पूल बांधला. आपण मुलांना ‘उडी मार’ म्हणून सांगतो, आणि जो पलीकडे पोहोचतो त्याचा सत्कार करतो. जे पडतात त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

धाराशिवात पळणारा खेळाडू म्हटलं की खो-खोच आठवणार. पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी जेमतेम, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव. पण खो-खोच्या नकाशावर हा जिल्हा ठळक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच गावात झाली. भारतीय महिला संघाची कर्णधार या गावानं दिली, अर्जुन पुरस्कार या गावात आला, आणि २०२५ च्या पहिल्या विश्वचषकात जिंकलेल्या भारतीय महिला संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. हे योगायोगानं होत नाही. खो-खोला काय लागतं? सत्तावीस बाय सोळा मीटरची जागा, दोन खांब, चार मुठी फक्की, आणि रोज पहाटे उठणारा एक शिक्षक. जिथं दुसरं काही नसतं तिथं हा खेळ रुजतो.

आता या खेळातली पळती म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत खो-खो खेळलाय, पण शाळेतला खो-खो आणि राष्ट्रीय दर्जाची पळती यांत फार अंतर आहे.

आठ गडी मधल्या पट्टीवर बसलेले, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. नववा उभा, तो आक्रमक. समोर पळणाऱ्यांची तीन जणांची तुकडी. आक्रमकावर बंधनं बरीच. त्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागं वळता येत नाही, आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला असलं कुठलंच बंधन नाही. तो हवा तसा वळतो, बसलेल्यांच्या मधून आरपार जातो. म्हणजे वरवर पाहता सगळी सोय पळणाऱ्याची. पण आक्रमकाकडे एक हत्यार असतं, ते म्हणजे खो. एक खो दिला की पळणाऱ्यासमोर ताज्या दमाचा नवा गडी, आणि तोही हातभर अंतरावरून उठणारा.

म्हणून चांगली पळणारी मुलगी आक्रमकाकडे कमी आणि बसलेल्यांकडे जास्त बघते. एकेरी साखळी करताना ती प्रत्येक बसलेल्या गड्याला वळसा घालत नागमोडी जाते. तिसऱ्या गड्यापाशी आली की एक खांदा किंचित पुढं करते. आक्रमकाला वाटतं, ही आता उजवीकडं निघाली. तो त्या बाजूला झेपावतो, त्याची दिशा ठरते, आणि त्याच क्षणी ही डाव्या पायावर वजन टाकून फटीतून पलीकडे. ही झुकांडी. आता आक्रमकाला खो देण्यावाचून गत्यंतर नाही. असे दहा-बारा खो घालवायला लावले की मिनिट निघतं. दोन-अडीच मिनिटं पळाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिच्या नावापुढं आकडा छापून येतो. नऊ मिनिटांच्या पाळीत एकट्या मुलीनं अडीच मिनिटं खाणं म्हणजे काय, हे आक्रमणाला बसलेल्या संघालाच विचारा.

यात मेख अशी आहे की हे सगळं शरीरात मुरायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि मुरल्यावर ते टिकतं फार थोडी वर्षं. पळतीच्या खेळाडूचा उत्तम काळ म्हणजे साधारण सतरा ते चोवीस. घोट्याला, गुडघ्याला रोज झटके बसतात. दगडासारख्या टणक मैदानावर सूर मारून मारून कोपरं सोलली जातात. चाळिशीतला बुद्धिबळपटू असतो, पस्तिशीतला फिरकी गोलंदाज असतो. पस्तिशीतली पळती क्वचितच दिसते. आणि हीच सतरा ते चोवीसची वर्षं म्हणजे बारावी, पदवी, नोकरीची धडपड आणि मुलींच्या बाबतीत लग्नाची घाई. शरीर सर्वांत वेगवान असतं तेव्हाच घर सर्वांत अधीर झालेलं असतं.

सारिका काळे ही आपल्याच गावची. ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, तेव्हा तिला अरेतुरे करणं शिष्टाचाराला धरून नाही. पण आपल्या लेकीविषयी बोलतोय असं समजून मला मोकळीक द्या. वयाच्या तेराव्या वर्षी ती मैदानावर आली. आई शिवणकाम करायची, आजी-आजोबांच्या मिळकतीवर घराची मदार होती. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवायचो, आणि वेगळं, चांगलं जेवण मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर, हे तिनं २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर स्वतः सांगितलं.

हे ऐकून आपले डोळे पाणावतात, आणि इथंच माझी तक्रार सुरू होते. कारण पाणावलेल्या डोळ्यांना हिशेब दिसत नाही. हिशेब असा. पळतीचा सराव करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तास मैदान. तेवढ्या श्रमाला लागणारं अन्न तिला एकवेळच्या जेवणात मिळत नव्हतं. म्हणजे ती रोज शरीराकडून उसनं घेत होती. आपण म्हणतो, उपाशी राहून जिंकली. ती उपाशी असूनही जिंकली, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य उपासमारीला गुरू करतं. दुसरं विचारतं की पोटभर जेवून ती किती पळाली असती, आणि तिच्याबरोबरीच्या ज्या मुली वर्षभरात मैदान सोडून गेल्या, त्यांतल्या किती टिकल्या असत्या?

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला बारावे दक्षिण आशियाई खेळ झाले. खो-खोचा त्यांत पहिल्यांदाच समावेश झाला होता. भारतीय महिला संघानं सुवर्ण जिंकलं, आणि त्या संघाची कर्णधार सारिका होती. आता दुसरी बाजू ऐका. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी पुढं सांगितलं की २०१६ सालीच घरच्या आर्थिक ओढाताणीनं ती इतकी खचली होती की खेळ सोडायचं तिनं ठरवलं होतं. समजूत काढल्यावर ती परत मैदानावर आली. ज्या वर्षी तिच्या अंगावर देशाच्या कर्णधाराची जर्सी होती, त्याच वर्षी ती जर्सी घडी करून पेटीत ठेवायच्या बेतात होती. तिला थांबवलं ते एका प्रशिक्षकानं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, किंवा त्याचंच लक्ष त्या आठवड्यात दुसरीकडं असतं, तर? एका माणसाच्या चांगुलपणावर जी गोष्ट अवलंबून असते तिला व्यवस्था म्हणत नाहीत.

२०१९ मध्ये नोकरी लागली आणि घराला आधार मिळाला. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. खो-खोला त्याआधीचा अर्जुन पुरस्कार १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला होता. मधे बावीस वर्षं गेली. एका पळतीच्या खेळाडूची कारकीर्द सात-आठ वर्षांची धरली, तर खेळाडूंच्या जवळजवळ तीन पिढ्या या बावीस वर्षांत आल्या आणि गेल्या. त्यांच्या दारात काहीच पोहोचलं नाही.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत त्यांचा म्हणून एक फुटबॉल आहे. पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात, अंगावर चिलखतासारखे पॅड असतात. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू बहुधा समोरच्याकडं जातो. त्यात एक जागा आहे रनिंग बॅकची. त्यानं चेंडू छातीशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या मधून फट शोधत पळायचं. आपल्या पळणाऱ्याचा तो लांबचा भाऊबंद. नजर तीच, खांद्याची हूल तीच, एका पायावर वजन टाकून दिशा बदलणं तेच. आणि कारकीर्दही तशीच, इतर जागांच्या मानानं तोकडी, कारण या जागेवर मार सर्वांत जास्त.

या जागेवरचा बॅरी सँडर्स माझ्या आजच्या विषयाला नेमका लागू पडतो. कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे त्या खेळाच्या मानानं बुटकाच. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो १९८६ साली आला तेव्हा त्याच्या जागेवर थर्मन थॉमस नावाचा दुसरा तगडा खेळाडू होता. दोन वर्षं सँडर्सनं त्याच्या मागं काढली. मिळेल ती संधी घेतली, प्रतिस्पर्ध्यानं लाथाडलेला चेंडू झेलून परत पळवण्याचं काम केलं. १९८८ मध्ये जागा मोकळी झाली. त्या हंगामातल्या ११ सामन्यांत तो २,६२८ यार्ड पळाला. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च समजला जाणारा हाइसमन करंडक त्याला मिळाला.

पुढच्याच वर्षी, व्यावसायिक लीगच्या १९८९ च्या निवडीत, डेट्रॉइट लायन्स या संघानं त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. करार लांबला, त्यामुळं सराव शिबिर हुकलं. हंगामाच्या तोंडावर सही झाली आणि पहिल्या सामन्यात चेंडू हातात आल्याबरोबर तो १८ यार्ड पळाला. त्या पहिल्या हंगामात त्यानं १,४७० यार्ड काढले आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान मिळवला. शेवटच्या सामन्यात आणखी थोडं पळाला असता तर साऱ्या लीगमध्ये पहिला आला असता, कारण पहिल्या असलेल्या ख्रिश्चन ओकोयेपेक्षा तो फक्त १० यार्डांनी मागं राहिला. प्रशिक्षकांनी विचारलं, जातोस का आत? सामना जिंकलेला होता, तो नको म्हणाला. त्याच्याविषयी हा किस्सा सर्वांत जास्त सांगितला जातो, आणि मला त्याचा साधेपणा आवडतो. पण आज माझा मुद्दा तो नाही.

माझा मुद्दा त्या आधीच्या तीन वर्षांचा आहे. तीन वर्षं तो विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर होता. राहणं, जेवण, फी, दुखापतीचे उपचार, व्यायामशाळा, प्रशिक्षक, सगळं विद्यापीठाकडं. दोन वर्षं तो राखीव होता, तरी उपाशी नव्हता. राखीव खेळाडूलाही पोटभर जेवू घालणारी व्यवस्था असते तेव्हा तिसऱ्या वर्षी बॅरी सँडर्स तयार होतो. आपल्याकडं राखीव खेळाडू म्हणजे प्रवासखर्चाच्या यादीतून पहिलं वगळायचं नाव.

त्यांचं सगळंच छान आहे असं मला म्हणायचं नाही. या खेळाडूंच्या घामावर तिथल्या विद्यापीठांनी दशकानुदशकं अमाप पैसा मिळवला, आणि खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडं दमडी घेऊ दिली नाही. स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली, तीही बऱ्याच भांडणानंतर. तरीही एक गोष्ट त्यांनी पक्की केली. कॉलेजचं मैदान आणि व्यावसायिक मैदान यांच्यामधे एक दार ठेवलं. ते कधी उघडतं, कुणासाठी उघडतं, निवड कशी होते, हे विचिटातल्या चौदा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं.

आपल्या खो-खोला असं दार उघडलं २०२२ साली. अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा संघ : गुजरात जायंट्स, तेलुगू योद्धाज, चेन्नई क्विक गन्स, राजस्थान वॉरियर्स, मुंबई खिलाडीज आणि ओडिशा जगरनॉट्स. शेवटचा संघ ओडिशा सरकारच्या मालकीचा होता, हे मुद्दाम सांगतो. ज्या महाराष्ट्रात या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात बांधले गेले, तिथल्या सरकारचा संघ नव्हता, ओडिशाचा होता. आणि पहिला चषक त्यांनीच नेला. अंतिम सामन्यात तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी एका गुणानं मात. अगदी शेवटच्या सेकंदांत सूरज लांडेनं हवेत झेपावून गडी टिपला आणि सामना फिरवला. इतक्या वर्षांत खो-खोचा सामना टीव्हीवर पाहताना लोक पहिल्यांदाच खुर्चीच्या कडेला आले असतील.

त्या हंगामात खेळाडूंना दर्जानुसार एक लाखापासून पाच लाखांपर्यंत मानधन ठरलं होतं. क्रिकेटच्या आकड्यांपुढं ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्याचा बाप रोजंदारीवर जातो, त्या घरात तीन आठवड्यांच्या खेळाचे लाखभर रुपये म्हणजे वर्षाचं घरखर्चाचं गणित. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईकडून खेळला, लोकांना ठाऊक झाला, आणि २०२५ च्या विश्वविजेत्या पुरुष संघात दिसला. लीग एवढं करू शकते. गावातल्या मैदानावरचा पोरगा तिच्यामुळं देशाच्या नजरेत येतो.

पण पहिला हंगाम म्हणजे नुसते दिवे आणि कॅमेरे नव्हेत. मातीवर अनवाणी खेळून मोठी झालेली मुलं मॅटवर आली की पहिले काही दिवस त्यांचे पायच त्यांना परके होतात. मातीत पाय थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यावर त्यांची झुकांडी बेतलेली असते. मॅटवर बूट चिकटतो, शरीर पुढं जातं, गुडघा मागं राहतो. नियमही नवे. पाळी नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांची, एका गड्याला दोन गुण, सूर मारून टिपला तर जास्त. वजीर नावाचा आक्रमक, जो हव्या त्या दिशेनं पळू शकतो, म्हणजे पळणाऱ्याची सगळ्यांत मोठी सवलतच गेली. पॉवर प्ले नावाच्या टप्प्यात असे दोन वजीर. आणि समोरच्या संघानं तुमच्या पळतीचं चित्रण पाहून ठेवलेलं. तुम्ही तिसऱ्या गड्यापाशी खांदा पुढं करता, हे आता त्यांनाही पाठ असतं. जिल्हा पातळीवर जी युक्ती पाच वर्षं चालली ती लीगमध्ये दोन सामन्यांत शिळी होते. कॉलेजात मॅट असती, व्हिडिओ पाहून खेळ समजावणारा कुणी असता, घोट्याची दुखापत म्हणजे हळद-चुना नव्हे हे सांगणारा फिजिओ असता, तर हा धक्का निम्मा झाला असता.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. २०२२ च्या बालेवाडीत आणि २०२३-२४ च्या कटकमध्ये झालेल्या दोन्ही हंगामांत सगळे संघ पुरुषांचे होते. धाराशिवचा लौकिक ज्यांच्यामुळं, त्या मुलींना त्या दारातून प्रवेशच नव्हता. सारिका काळेच्या कारकिर्दीत पहिला हंगाम नावाचा टप्पाच नाही. तिच्या आधीच्या कुणाच्याही नाही. म्हणजे आपण वर्षानुवर्षं पळणाऱ्या मुली घडवल्या, आणि त्यांच्या पळण्याला बाजारात भाव ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांना प्रेक्षकांत बसवलं.

लोक बघत नाहीत म्हणून मुलींची लीग नाही, असं कुणी म्हणेल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. १९ जानेवारीला अंतिम सामना नेपाळशी. पहिल्याच पाळीत ३४-०, शेवटी ७८-४०. कर्णधार प्रियंका इंगळे, आणि संघात आपली अश्विनी. त्या रात्री या शहरात कुणी टीव्ही बंद केला होता, असं मला वाटत नाही. महाराष्ट्र शासनानं आपल्या विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. स्वागतच आहे. पण बक्षीस आणि रोजगार या वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस विश्वचषक जिंकणाऱ्या पंधरा जणींना मिळतं. रोजगार सोळाव्या मुलीला मिळतो, पस्तिसाव्या मुलीला मिळतो. खेळ टिकतो तो या पस्तिसाव्या मुलीमुळं, कारण रोजच्या सरावात पहिल्या मुलीला दमवणारी तीच असते.

महिला क्रिकेटकडं बघा. २०२३ मध्ये लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. त्या एका बातमीनंतर मुलीला क्रिकेटला पाठवायचं की नाही यावर घराघरांतलं बोलणं बदललं. बाप लोकांना आकडा कळतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीनचा भाव पडल्यानं ज्याचं नुकसान झालंय, तो पोरीच्या मैदानाचा विचार आकड्यानंच करणार.

मग आपण, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांनी, काय करायचं? लीग सुरू करणं आपल्या हातात नाही. त्याआधीची वर्षं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट जेवणाची. कॉलेजं प्रवेशाच्या वेळी जिमखाना फी घेतात. तिच्यातून दरवर्षी ट्रॅकसूट आणि बॅनर होतात. त्याऐवजी नियमित सराव करणाऱ्या मुला-मुलींना सरावानंतर दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, भाकरी-उसळ द्या. यासाठी आहारतज्ज्ञाची समिती नेमायची गरज नाही. संघात निवड झालेल्यांनाच नव्हे, सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला द्या.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. वाशी, भूम, कळंब भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शालेय स्पर्धांचा जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम नेमका त्याच महिन्यांत येतो. ऑगस्टात जिल्ह्याच्या संघात असलेली मुलगी नोव्हेंबरात कारखान्याच्या तळावर कोपीत असते. हंगामी वसतिगृहांत खेळणाऱ्या मुलींसाठी जागा राखून ठेवणं आणि वसतिगृहाजवळ मैदान असणं, एवढ्यानं काही मुली वाचतील.

तिसरी गोष्ट परीक्षेची. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात, आणि मुलीला निवड करावी लागते. ग्रेस गुणांची मलमपट्टी यावर पुरत नाही. स्पर्धेमुळं बुडालेला पेपर महिन्याभरात वेगळा घेण्याची हमी विद्यापीठानं द्यावी. आपल्या विद्यापीठाचं उपकेंद्र याच शहरात आहे, तिथं जाऊन हे मागता येतं.

चौथी गोष्ट पालकांसाठी, आणि ती जरा कडू आहे. पोरगी अठराची झाली की स्थळ बघायला सुरुवात होते. काही ठिकाणी तर अठराचीही वाट बघत नाहीत, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तिचं पळणं चोवीसपर्यंत आहे. त्या सहा वर्षांत तिनं राज्य पातळीवर किंवा त्याच्या वर पदक मिळवलं तर पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरीचा रस्ता खुला होतो. सारिकाच्या घराला आधार मिळाला तो नोकरीनंच. लग्न चोविसाव्या वर्षीही होतं. पळती होत नाही.

शेवटची मागणी खो-खो महासंघाकडं आणि लीगच्या चालकांकडं. पुढचा जो हंगाम होईल त्यात मुलींचे संघ असावेत. निदान चार. त्यांतला एक संघ महाराष्ट्र शासनानं घ्यावा, जसा ओडिशानं पुरुषांचा घेतला. जाहीर बक्षिसांसाठी तिजोरी उघडते तर एका संघासाठीही उघडेल.

मागच्या रांगांत ट्रॅकसूट घालूनच बसलेल्या मुलींना एवढंच सांगतो. तुमच्यातल्या कुणाला उपाशीपोटी सराव करावा लागत असेल तर ते अभिमानानं लपवू नका, उद्याच तुमच्या सरांना सांगा. आणि सरांनी ऐकलं नाही तर या व्याख्यानमालेच्या संयोजकांना गाठा. सत्काराच्या वेळी पुढं येणाऱ्या प्रत्येक माणसाला, संस्थेला आणि पुढाऱ्याला तुम्ही एकच प्रश्न विचारायचा : शाल राहू द्या, उद्या सकाळच्या सरावानंतर जेवायला काय आहे?